एका दुपारचं माहेर

"एकटी बाई हॉटेलात उतरणार? आणि तेही राजविलासमध्ये? डोकं फिरलंय का तुझं?" आमचे हे म्हणाले.

म्हटलं, "फिरलंय. धर्मशाळेत उतरले तर विहीणबाई सुनेला तिथे पाऊल टाकू देतील का? सांगा की."

आता वकील माणूस, पण घरात युक्तिवाद सुचला तर शपथ.

ही बासष्ट सालची गोष्ट. आमची सिंधू अकोल्याला दिलेली. पहिल्या दिवाळीनंतर सासरच्यांनी तिला आमच्याकडे अमरावतीला धाडलंच नव्हतं. कारण काय, तर लग्नात मानपान नीट झाला नाही. पत्रं यायची, पण त्यांत दर वेळी 'सर्व क्षेम' याच्यापुढे अक्षर नाही. एकदा मी जाऊन आले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून बैठकीत कोरडी बसून राहिले. विहीणबाई, म्हणजे पार्बताबाई, शेजारी ठाण मांडून. लेक समोर आणि तिच्याशी एक शब्द एकांतात नाही! सुखात आहे की दुःखात, एवढं मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी चार भिंती आणि एक दार हवं होतं, आणि ते अकोल्यात माझ्या मालकीचं कुठे होतं? म्हणून हॉटेल. आणि हॉटेलही असं, की ज्याला नाव ठेवायला त्यांना जागा मिळू नये.

शाळेतून रजा काढली आणि बडनेऱ्याला गाडी बदलून गेले. राजविलासच्या मॅनेजरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सोबत कोण आहे?"

"पिशवी."

"एकट्या बाईमाणसाला आम्ही खोली देत नाही, बाई."

"मग दोघींना द्या. दुसरी दुपारी येतेय," मी म्हटलं, आणि शाळेत ज्या नजरेने सातवीचा वर्ग गप्प होतो त्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. खोली मिळाली. गुळगुळीत फरशी, माणूसभर आरसा, खोलीलाच लागून न्हाणीघर. मला स्वतःला त्यातलं काही नको होतं. पण विहीणबाईंपुढे वर्णन करायचं म्हणून सगळं नीट पाहून ठेवलं.

टांगा करून सिंधूच्या घरी गेले. दारातूनच म्हटलं, "मी राजविलासमध्ये उतरलेय. लेकीला दोन तास पाठवा."

"आमची सून हाटेलात?" पार्बताबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या दर्यापूरकडच्या. बोलणं रोखठोक.

"धर्मशाळा नाही ती. कलेक्टर उतरतात तिथे." हे मी ठोकून दिलं होतं. "नळाला गरम पाणी येतं."

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "थांबा, लुगडं बदलू द्या. मले बी येऊ द्या."

घ्या! आगीतून फुफाट्यात! सगळ्या खटाटोपावर पाणी पडलं असं वाटून टांग्यात माझा जीव नुसता चरफडत होता.

विहीणबाई खोलीत आल्या आणि माझ्या व सिंधूच्या मधोमध खुर्ची ओढून बसल्या. पोरगी वाळली होती. मी काही विचारावं, तर उत्तर ह्या देणार. शेवटी मीच गळ टाकला. "आलाच आहात तर अंघोळ करून पाहा ना. निवांत. कुणी दार वाजवणार नाही."

"भलत्या वक्ती?" असं म्हणत उठल्याच. आत कडी लागली. पाणी धो धो सुरू झालं.

मी सिंधूचा हात धरला. "आता खरं सांग."

"मारत नाहीत गं आई. खाण्यापिण्याचंही कमी नाही." तिने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "पण सासूबाई घटकाभर सोडत नाहीत. दळताना, निवडताना, सारख्या मागे. जरा डोळा लागला तर हलवून उठवतात, माझ्याशी बोल म्हणतात. माझा जीव घुसमटतो. मला घरी ने. चार दिवस तरी ने."

मला असा संताप आला की बस्स! "कैदाशीण मेली! चल, आजच्या गाडीनेच चल. त्यांच्या पाठवणीची वाट पाहत बसले तर तू हाती लागायची नाहीस."

कडी वाजली. पार्बताबाई दारात उभ्या होत्या. केस ओले, चेहरा धुऊन स्वच्छ झालेला. पाण्याचा आवाज मुळी नव्हताच. कधीचा थांबला होता ते आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"न्या तिले," त्या म्हणाल्या.

मी भांडायच्या तयारीत पदर खोचून उभी, आणि समोरून हे.

"मीनंच धाडली म्हनून सांगीन घरी. मानपानाचं त निमित्त होतं, बाई. चार मानसं घरात, सारे बाप्ये. जेवाले वाढ, एवढंच बोलतात माह्यासंग. ही आली अन् मले बोलाले कोनी भेटलं. म्हनून धाडत नव्हतो." मग सिंधूकडे न पाहता म्हणाल्या, "पन परत ये, बापा."

सिंधू रडायला लागली. मला विहीणबाईंचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. आला तो त्या चार पुरुषांचा, आणि फार आला.

"चला," मी म्हटलं, "आधी तुम्हाला टांग्याने घरी सोडतो, मग आम्ही स्टेशनवर जातो."

त्यांनी मान हलवली. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि हाताने चादर सारखी करू लागल्या.

"खोली उद्यापर्यंत तुमचीच हाये ना?"

"आहे."

"मंग तुमी जा दोघी. इथं 'वाढ' म्हनत कोनी दार वाजवनार नाही. मले बसू द्या इथं जराकशी. एकटीले."