राणीच्या ओठाचा कोपरा

पुस्तकांची मुखपृष्ठं करण्यात तिची निम्मी हयात गेली होती, पण मुखपृष्ठासाठी सासूला चेटकीण करायची वेळ पहिल्यांदाच आली. कादंबरी अद्भुतातली होती. तिच्यात एक राणी होती, नगरातले दिवे एकेक करून गिळणारी. संपादकांनी बजावलं होतं, "मॅडम, नुसती सुंदर बाई नको. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे."

तिनं बरेच चेहरे काढून पाहिले. सगळ्या राण्या साबणाच्या जाहिरातीतल्या वाटत होत्या. शेवटी तिची नजर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंवर गेली. लांब नाक, खोल डोळे, ताठ मान. जन्मभर त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं आणि गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना वचकून असायची.

"आई, राणीसाठी बसाल का माझ्यासमोर?"

"ती दिवे गिळणारी? सासू आहे म्हणून सुचलं, की चेहऱ्यावरून?"

"चेहऱ्यावरून."

"मग हरकत नाही. झगा मात्र मी शिवणार. तुझ्या राण्यांचे कपडे बघवत नाहीत मला."

दुपारी पडदे ओढून ती टेबललॅम्प खाली स्टुलावर ठेवायची. उजेड हनुवटीखालून यायचा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या व्हायच्या. पहिलंच स्केच झकास उतरलं. ते तिनं भिंतीवर लावलं, त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. मापं तीच, बैठक तीच. तरी चेहरा दर वेळी अधिक भेसूर होत चालला. ओठाचा उजवा कोपरा किंचित ओघळायचा, जणू राणी अर्ध्याच तोंडानं हसते आहे. मुद्दाम काढायला गेलं असतं, तर ते नाटकी झालं असतं. तिनं ते जसंच्या तसं रंगात उतरवलं.

अर्धवट चित्राचा फोटो बघून संपादकांचा लगेच फोन आला. "हेच हवं होतं! आता त्या ओठाला हात लावू नका."

ती हरखून गेली. झग्याचं काम मात्र बिनसत होतं. सासूबाईंची शिवण नागमोडी जाऊ लागली. "कात्रीला धार नाही राहिली," त्या म्हणायच्या. एकदा ती कात्री हातातून निसटून पायाशी पडली. त्यांनी वाकून उचलली ती डाव्या हातानं.

चित्रातले डोळे तिला पहिल्या स्केचसारखे हवे होते. म्हणून तिनं ते स्केच ट्रेसिंग पेपरवर उतरवलं आणि कागद चित्रावर ठेवला. डोळे जुळले, नाक जुळलं, जबडाही जुळला. ओठाचा उजवा कोपरा तेवढा खाली राहिला. कागद सरकला असेल म्हणून तिनं पुन्हा ठेवला. मग भिंतीवरची स्केचेस काढून ओळीनं लावून पाहिली. प्रत्येकात तो कोपरा आधीच्यापेक्षा थोडा खाली होता. हात चुकला, तर कधी वर चुकतो, कधी खाली. असा एकाच दिशेनं चुकत जात नाही.

तिनं पडदा खसकन ओढला.

"उजेड कशाला केलास गं?" समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, जरा दात दाखवा."

त्या हसल्या. डावी बाजू वर गेली, उजवी होती तिथंच राहिली.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या तिनं सांगितलं. "अगं, दिवसभर चेटकिणी काढतेस, तुला तेच दिसणार," तो म्हणाला. तिनं स्केचेस टेबलावर मांडली. तो एकेक बघत गेला. मग त्यानं गाडीची किल्ली उचलली.

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ होती. "हळूहळू वाढत आलेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या केव्हा लक्षात आलं?" ओठ तिनं कधीच पाहिला होता. पाहिला होता आणि तिला तो आवडला होता.

तिनं संपादकांना कळवून टाकलं, की हे चित्र मिळणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाईंनीच ते मागितलं. गुडघ्यांवर उभं धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अशी दिसते मी?"

"आता... हो, आई."

"मग देऊन टाक. घाबरू दे लोकांना. मी एकटीनंच काय म्हणून घाबरायचं?"

ऑपरेशन झालं. हातात थोडी ताकद आली, ओठही बराचसा सावरला. पण गाठीचा एक तुकडा रक्तवाहिनीला चिकटून होता, तो काढता आला नाही. "लक्ष ठेवायचं," एवढंच डॉक्टर म्हणाल्या. पुस्तक निघालं. मुखपृष्ठाचं खूप कौतुक झालं, आणि ते करणाऱ्यांसमोर ती मान खाली घालून उभी राहिली.

आता सकाळी चहा घेताना तिची नजर कपावरून वर, त्या ओठाकडे जाते. सासूबाईंना ते कळतं.

"बघ, बघून घे. कुठवर आलाय?"

"आहे तिथंच आहे, आई," ती म्हणते. खिडकीतला उजेड एकाच बाजूनं येतो, त्यामुळे तिला नक्की सांगता येत नाही.