बरे झालेल्यांचा तक्ता

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. कुरखेड्यापासून थेट नागभीडपर्यंतची माणसं धान मळायचं सोडून आली होती. आणि समोर पाटावर काय? देव नाही, मूर्ती नाही. काचेच्या चौकटीत आठ पानं इंग्रजी! त्यांवर हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ.

"विदेशी जर्नलमधी छापून आलं हाय!" जडीबाबा माइकवर गरजले. "सिकलसेल जड से खतम! दोन विदेशी सायंटिस्टनं तपासून पास केलं. विज्ञान शरण आलं का नाई?"

"आलं!" मंडप ओरडला.

कप्पाळ आलं! बाबांचा नेम असा, की दवाखान्याचं सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या जन्मजात आजाराचं, लाल कार्ड मंडपातल्या दोरीला टांगायचं, गोळ्या बंद करायच्या आणि काढा प्यायचा. दोरीला पन्नासेक कार्डं लोंबत होती.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. छापण्याआधी शोधनिबंध तपासून द्यायचं कामही माझ्याकडे येतं. प्रयोग कुणावर केला, किती दिवस केला, जे बरे झाले नाहीत त्यांचं काय, हे खोदून विचारायचं, एवढंच ते काम. आमच्या कॉलेजात झाडलोट करणारी रुखमा इथं पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर तिची बारा वर्षांची पिंकी, हातपाय ठणकून कण्हत होती. दसऱ्याला कार्ड टांगलं, तेव्हापासून एक गोळी पोटात नाही. हे आठ दिवसांपूर्वी रुखमाकडूनच कळलं आणि माझं डोकं सणकलं. "मॅडम, छापून आलेलं खोटं कसं राहीन?" असं तीच मला विचारत होती. म्हणून मी तयारीनं आले होते.

मी सरळ माइकपाशी गेले.

"बाबा, तपासलं कोणी म्हणता?"

"बडे बडे तज्ज्ञ, बाई. तुमच्या डोक्याच्या बाहेरचं काम हाय."

"त्याच जर्नलच्या तज्ज्ञांकडे मीही निबंध पाठवला. चाळीस रुग्णांना तुमचा काढा पाजला, तीन वर्षांत एकालाही ताप आला नाही, असं लिहिलं. दोन दिवसांत पास झाला! शेरा ऐका: 'रुग्णांची निवड उत्कृष्ट आहे.'"

टाळ्या पडल्या. बाबांनी तर हात जोडले.

"थांबा की. माझे चाळीसही रुग्ण म्हणजे धानातली बुजगावणी होती. गवताची! निबंधात तसं स्वच्छ लिहिलंय. वाचलंच नाही कोणी. हे जर्नल काही तपासत नाही, येईल ते छापतं."

मंडपात खसखस पिकली. बाबा लालबुंद झाले. "अपमान हाय हा श्रद्धेचा!"

"मग तुमचाच वाचू या." चौकटीतलं सहावं पान माझ्याजवळ छापून होतं. "तीन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं, असं लिहिलंय. बाबा गावात कधी आले हो?"

"मागच्या होळीले!" बायका एकदम बोलल्या.

"वर्षही नाही झालं. आता हा पूर्ण बरे झालेल्यांचा तक्ता. दोरीवरच्या कार्डांवरून नाव, वय, गाव उतरवलंय, झाला रुग्ण बरा. तेविसावा, अश्वजित सोमाजी, वय एकोणीस..."

"बाई, थांबा." मागून एक म्हातारा उठला. "पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"तो माहा पोरगा," सोमाजी म्हणाला. "पोळ्याच्या आठवड्यात गेला. ह्या हातानं माती देल्ली मी त्याले."

"त्याची श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले.

"मंग बरा झाला म्हणून काऊन लिवलं?" सोमाजी ओरडला. "मेलेल्याले बरा लिवतेस? लाज नाई वाटत?"

बाबांच्या चेल्यानं माइक बंद केला. तरी कोणी जागचं हललं नाही.

रुखमानं घाबरत विचारलं, "मॅडम, माही पिंकी हाय का त्याच्यात?"

होती. एकतिसावी. "वेदना पूर्ण थांबल्या. औषधाची गरज नाही."

पिंकीनं मान उचलली. ओठ कोरडे पडले होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मी नाई झाली बरी. मले कोणी विचारलंच नाई."

लोकहो, त्या बाबांनी विचारलं नाही, त्या जर्नलनं विचारलं नाही. आपणही विचारलं नाही, हार घातले! छापील आहे, इंग्रजी आहे, म्हणून खरं मानू नका. कोणावर केलं, किती दिवस केलं, ती माणसं आज कुठं आहेत, हे तोंडावर विचारा. त्याला डिग्री लागत नाही. सोमाजीला कुठं इंग्रजी येतं?

रुखमानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. बाबा आडवे आले, तर ती म्हणाली, "सरक बाजूले. पोरगी दुखून राह्यली माही."