अंगावरची लव

पोहण्याच्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी क्लबच्या मुली हॉटेलच्या बाथरूममध्ये एकमेकींच्या पाठीवर वस्तरा फिरवत. आधी कित्येक आठवडे अंगावरची लव वाढू द्यायची आणि ऐन शर्यतीला ती काढायची, की पाणी कातडीला नव्यानं लागतं आणि वेग वाढतो. रेन्स्केनं सगळ्यांच्या पाठी करून दिल्या.

"आणि तुझी?" नेल्केनं विचारलं. नेल्के क्लबातली सर्वांत धाकटी.

"माझी मी करीन."

दार लावून ती टबाच्या कडेवर बसली. वस्तरा हातात होता, पण हात काही उचलेना. शेवटी ती तशीच जाऊन झोपली.

सकाळी आइंडहोवनच्या तलावावर प्राथमिक फेरी होती. राष्ट्रीय रिले संघात एकच जागा उरली होती आणि ती संध्याकाळच्या अंतिम फेरीत ठरायची होती. खेर्बेन हा रेन्स्केचा लहानपणापासूनचा प्रशिक्षक. नेहमीसारखा तिचे दंड चोळायला आला आणि थबकला.

"हे काय गं? अस्वल झालीस की काय?"

"राहिलं."

"राहिलं? एवढी घोडी झालीस, आणि हे राहतं?"

ती हसली. तो हसला नाही.

रेन्स्के आठवी आली, म्हणजे अंतिम फेरीत जेमतेम शिरली. नेल्के नववी, म्हणजे राखीव; कुणी गळलं तरच आत. ती टॉवेलात तोंड खुपसून बसली.

कॅन्टीनमध्ये खेर्बेननं रेन्स्केपुढे चीज लावलेला पाव सरकवला. "लव असून आठवी आलीस, कळतंय का? आता खोलीवर जा, काढून टाक, झोप काढ. संध्याकाळी जागा तुझीच."

त्याचं बरोबर होतं. जमणारच नसतं तर किती सोपं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आणि मग?"

"मग काय? अजून एक वर्ष."

अजून एक वर्ष म्हणजे पहाटेच्या अंधारात, तोंडावर वारा घेत सरावाला सायकल हाणायची. क्लोरीननं फुटलेले ओठ. पाण्याखाली तळावरची ती काळी रेघ.

"खेर्बेन, काल मी विसरले नव्हते."

"दंडाला हात लावला तेव्हाच कळलं मला."

"मग ओरडलात कशाला?"

"नाहीतर काय करू? रडू?"

नाव मागे घ्यायला फेरीनंतर अर्धा तास मिळतो. त्यानंतर घेतलं तर राखीव पोरीला काही मिळत नाही. पाव अर्धा टाकून रेन्स्के उठली. खेर्बेननं तिला अडवलं नाही.

"आजारी आहात?" नोंदणीच्या टेबलापाशी बसलेल्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"दुखापत?"

"नाही हो. दमलेय."

बाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं लाउडस्पीकरवर नेल्केचं नाव आलं.

आता हलकं वाटेल म्हणून रेन्स्के वाट पाहत राहिली. तसं काही झालं नाही, नुसती झोप आली. गॅलरीतल्या वरच्या बाकावर, त्या दमट उबेत ती आडवी झाली आणि अंतिम फेरीच्या आरडाओरड्यातही जागी झाली नाही.

खेर्बेननं हलवलं तेव्हा खाली तलावातल्या लेनच्या दोऱ्या गुंडाळत होते.

"नेल्के?"

"जीव तोडून पोहली. चौथी आली."

"जागा?"

"गेली. रॉटरडॅमची पोरगी घेऊन गेली."

"मी असते तर?"

"तू असतीस तर मिळाली असती," खेर्बेन म्हणाला. तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. तिच्या शेजारी टेकून त्यानं पाय लांब केले. "सरक जरा. मीही दमलोय."