हुडाकची खुर्ची रस्त्यावर

एमिल हुडाकने आरामखुर्चीच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, गुडघे वाकवले आणि आतूनच ओरडला,

“इर्मा, दार धर! पाठ लावून धर, हाताने नको. ही बया आडवी झाल्याशिवाय बाहेर पडायची नाही!”

इर्माने पाठ लावून दार धरलं. ती फायर हॉलच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहाच्या, स्वयंपाकघरात जायला निघाली होती, एप्रनसुद्धा घरूनच बांधला होता. खुर्चीचं दुसरं टोक शेजारच्या गस डिनार्डोने उचललं होतं आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

“काय रे एमिल, वीट-दगड भरलेत का आत?”

“दोन वर्षांचा हुडाक भरलाय,” एमिल म्हणाला. “उचल गपचूप!”

इर्मा हसली, आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं. या घरात थट्टा ऐकून तिला किती दिवस झाले होते कोण जाणे.

खुर्ची तपकिरी होती. हात टेकायच्या जागा घासून चकाकत होत्या आणि बसायच्या जागी चांगला खड्डा पडला होता. गावातला काचकारखाना बंद झाला त्या आठवड्यात एमिल तिच्यात बसला तो बसलाच. आधी हरणांच्या शिकारीला जाणं सुटलं, मग मित्रांबरोबर बीअर प्यायला जाणं, मग रविवारचं चर्चसुद्धा. बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘बघू’ एवढ्यावर आलं. मुलगी टेक्सासहून फोन करून म्हणायची, “आई, बाबांना डॉक्टरला दाखव.” दाखवलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, आणि एमिल त्या खुर्चीत बसून घेऊ लागला. रात्री जिना चढताना इर्मा मागे वळून बघायची तेव्हा तिला टीव्हीच्या उजेडात फक्त खुर्चीची पाठ दिसायची. त्या पाठीचा तिला इतका राग यायचा की कधीकधी वाटायचं, कुऱ्हाड घालावी.

आणि मंगळवारी टीव्हीवर ते आलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सिनेटर व्हिटकॉम कुठेतरी लांब, समुद्रकाठच्या शहरात, श्रीमंतांच्या पंगतीत बोलत होते आणि कुणीतरी ते गुपचूप टिपून घेतलं होतं.

“त्या नदीकाठच्या गावांत जाऊन बघा,” सिनेटर म्हणत होते. “कारखाना बंद झाला त्या दिवशी ही माणसं खुर्चीत बसली, ती अजून उठलेली नाहीत. मांडीवर बंदूक, गळ्यात क्रूस, आणि रागवायला सगळं जग. आपण योजना आणू हो, पण त्यांना खुर्चीतून उठवणार कोण?”

आणि लोक हसले होते. ग्लास किणकिणल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू आला.

एमिल उठून उभा राहिला.

“हसलं कोण?” त्याने विचारलं. इर्माला नाही, टीव्हीला. “हसलं कोण ते? दाखवा ना तोंडं!”

त्या रात्री त्याने सात-आठ जणांना फोन केले. सकाळी दाढी केली, गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं आणि न्याहारी न करताच बाहेर पडला. नदीखोऱ्यातली सगळी गावं संतापाने पेटली होती. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. मग बातमी आली की शुक्रवारी सिनेटर स्वतः याच गावात, फायर हॉलमधल्या, ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य म्हणून होणाऱ्या मासळी-जेवणाला येणार आहेत. आणि खुर्च्यांची कल्पना एमिलच्या डोक्यातून निघाली.

कल्पना अशी की ती याच गावात सुचावी. इथे हिवाळ्यात माणूस कंबर मोडेस्तोवर बर्फ उपसतो, गाडीपुरती जागा मोकळी करतो आणि कामाला जाताना त्या जागेवर घरातली एक खुर्ची ठेवून जातो. ती जागा त्याची. त्या खुर्चीला दुसरा कुणी हात लावत नाही, पोलीस नाही, पाद्री नाही, सख्खा भाऊ नाही. गस डिनार्डोच्या मेहुण्याने एकदा लावला होता. त्याला अजून कुणी नाताळला बोलवत नाही.

“खुर्चीत बसलोय म्हणतो ना?” एमिल फायर हॉलच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता. “मग खुर्च्याच दाखवू त्याला. त्याची प्रचाराची बस उभी करायला हातभर जागा मिळता कामा नये!”

शुक्रवारी दुपारी इर्मा हॉलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, आणि बघता बघता हातातलं लाटणं तसंच राहत होतं. एप्रिलचं कोवळं ऊन पडलं होतं, बर्फाचा कुठे मागमूस नव्हता, आणि मेन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना नदीपर्यंत खुर्च्याच खुर्च्या! स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या, चर्चच्या घडीच्या, लहान बाळांच्या उंच खुर्च्या. न्हाव्याने आपली फिरती खुर्ची बोल्ट काढून आणली होती. कुणीतरी बंद पडलेल्या शाळेतली बाकं ओढत आणली होती. आणि हॉलच्या दारासमोर, सगळ्यात मोक्याच्या जागी, हुडाकची तपकिरी आरामखुर्ची.

टीव्हीवाल्यांच्या गाड्या पार पुलापलीकडे अडकल्या होत्या. सिनेटरच्या माणसांपैकी निळा कोट घातलेली एक बाई आधीच पोचली होती आणि फोनवर आनंदाने सांगत होती, “अहो, काय स्वागत आहे! लोक घरून खुर्च्या घेऊन आलेत भाषण ऐकायला!” मग तिने जरा वाट करावी म्हणून एक खुर्ची उचलली, आणि पोलीसप्रमुख रे कॉस्को लांबून किंचाळला, “बाई, ठेवा ती खाली! जीव प्यारा आहे ना?”

सगळा रस्ता हसला. बाईने खुर्ची अशी ठेवली जशी काही ती तापलेली होती.

“अहो, तुम्ही पोलीस आहात ना?” ती म्हणाली. “हटवा ना या!”

“बाई, मी जन्मलो इथे,” रे म्हणाला, “आणि मरायचंही इथेच आहे, पण आज नाही.”

आणि या सगळ्याच्या मधोमध एमिल. लाल टोपी घालून हातवारे करत होता, कुणाच्या पाठीवर थाप मारत होता, कॅमेऱ्यासमोर बोलत होता. एकदा त्याने वर खिडकीकडे बघून इर्माला टोपी काढून दाखवली, लग्नाआधी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना दाखवायचा तशी. इर्माला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. एका माणसाने सगळ्या गावाचा अपमान केला होता, आणि तिला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

“माफी मागणार तो,” शेजारी पिरोगी भरत असलेली गसची बायको कार्मेला म्हणाली. “बातम्यांत सांगितलं. कागद लिहून आणलाय म्हणे.”

“मागू दे,” इर्मा म्हणाली. तिने बटाट्याचं सारण भरून पारी दुमडली आणि कडेला मुरड घालू लागली.

“बरंच झालं बाई. माफी मागितली की संपलं. लोक मासे खातील, खुर्च्या उचलतील आणि घरी जातील.”

इर्माची बोटं थांबली.

“खुर्च्या उचलतील?”

“मग काय रस्त्यावर ठेवणार? तुमच्या खुर्चीची काळजी नको करू. गस ट्रकमध्ये घालून आणून देणार आहे, थेट टीव्हीपुढे. आज संध्याकाळीच.”

कार्मेला तळणीतले मासे बघायला पलीकडच्या चुलीकडे गेली. इर्मा हातातल्या पिरोगीकडे बघत राहिली. तिला दिसत होतं ते सगळं: गस आणि एमिल खुर्ची आत आणतायत, गालिच्यावरच्या चार खळग्यांत तिचे चार पाय बरोबर बसतायत, आणि एमिल म्हणतोय, जरा टेकतो.

मागचं दार उघडलं. एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आत आला. सूट महागाचा होता, पण बूट चिखलात बुडालेले होते आणि पँटच्या खाली चिखलाचे शिंतोडे उडाले होते. त्याच्या मागून निळ्या कोटवाली बाई आत यायला लागली, त्याने तिला हाताने बाहेरच थांबवलं.

“माफ करा,” तो म्हणाला. “पुढून यायला वाट नाही. नदीकाठाने चालत आलो.”

“बूट पुसा,” इर्मा म्हणाली. “आत्ताच फरशी पुसलीय.”

सिनेटर व्हिटकॉम यांनी निमूटपणे बूट पुसले. टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा ते म्हातारे होते आणि फार दमलेले दिसत होते. समोरच्या पडद्याआड हॉल गजबजला होता. एमिलचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.

सिनेटरनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“तुम्ही इथल्याच ना?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “खरं सांगा. हे वाचलं तर माफ करतील का ते मला?”

“करतील,” इर्मा म्हणाली. “साधी माणसं आहेत. माफी मागितली की विरघळतात.”

सिनेटरनी सुस्कारा सोडला.

“म्हणून मागू नका,” इर्मा म्हणाली.

“काय?”

“माफी मागू नका. हात जोडते.” हात खरंच जोडले गेले होते, पिठाने माखलेले. “तो ओरडतोय ना बाहेर, तो माझा नवरा. दोन वर्षं खुर्चीत होता. तुम्ही म्हणालात ना, कोण उठवणार? तुम्हीच उठवलंत, सिनेटर. त्याला परत बसवू नका.”

तेवढ्यात बाहेर टाळ्या आणि शिट्ट्यांचा गदारोळ झाला आणि निळ्या कोटवालीने पडदा सरकवला. सिनेटर बाहेर गेले. कागद त्यांच्या हातातच होता.

इर्मा वाढायच्या खिडकीला येऊन उभी राहिली. मागे कांदा लोण्यात परतत ठेवला होता, त्याचं तिला भान राहिलं नाही.

सिनेटर माइकसमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली आणि तो खिशात टाकला.

“मी माफी मागायला आलो होतो,” ते म्हणाले. “हसणाऱ्यांच्या वतीने मागतो. ते हसायला नको होते. पण मी जे बोललो ते मागे घेत नाही. तुम्ही खुर्चीत बसलात. मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय, का बसलात?”

आणि हॉलमध्ये जो भडका उडाला! कुणी काटे-चमचे आपटले, कुणी ओरडलं, कार्मेलाने धावत येऊन “अगं बाई, याचं डोकं फिरलं की काय” म्हटलं. आणि त्या सगळ्यातून एमिल पुढे आला. टोपी हातात होती. बाकीचे आपोआप गप्प झाले.

“का बसलो?” एमिल म्हणाला. “सांगतो ना! तीस वर्षं भट्टीसमोर उभा होतो, साहेब. उन्हाळ्यात पायाखालची फरशी भाजायची. एक दिवस फाटकाला कुलूप लागलं आणि मला म्हणाले, घरी जा. कुठे उभा राहू मी? सांगा ना, कुठे उभा राहू? माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात? तिच्या मध्येमध्ये?” त्याने टोपी मुठीत चुरगळली. “मी रागावलो नव्हतो हो. मला लाज वाटत होती. तिच्या तोंडाकडे बघायची.”

इर्माने खिडकीची कड घट्ट धरली. दोन वर्षं एका छपराखाली राहून तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, तो तिच्यावर चिडलाय. तिला वाटायचं, तिचा कंटाळा आलाय.

“आणि आता?” सिनेटरनी विचारलं.

“आता?” एमिलने टोपी डोक्यावर चढवली. “आता रागावलोय! तुमच्यावर! उद्या तुम्ही कुठे जाताय?”

“शार्लरॉयला.”

“मग उद्या आम्हीपण शार्लरॉयला!” एमिल गरजला, आणि हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं.

कांदा करपला तो करपलाच. कार्मेला बडबडली, पण इर्माला तो काळा कांदा सुद्धा गोड लागला असता. बातम्यांत रात्री सिनेटरची काय गत होणार हे तिला समजत होतं, आणि त्यांचं तिला वाईटही वाटत होतं. येत्या मंगळवारी पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदान होतं, त्यात मत कुणाला द्यायचं हे तिने तिथेच ठरवून टाकलं. ते अर्थात एमिलला सांगण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी लोक आपापल्या खुर्च्या उचलू लागले. एमिल मात्र हॉलच्या मागच्या दारात उभ्याउभ्याच पिरोगी खात होता आणि तोंडात घास असतानाच बोलत होता.

“शार्लरॉयमध्ये रस्ता रुंद आहे. तिथे जास्त खुर्च्या लागतील. गसचा ट्रक सकाळी सहाला. इर्मा, तू ऐकतेयस ना? कॉफी थर्मासात घाल. आणि तूही चल.”

“येते की,” इर्मा म्हणाली. “आता घरी चल, पाय दुखतायत माझे.”

गस ट्रकच्या किल्ल्या वाजवत आला. “एमिल, तुझी ती बया तेवढी राहिलीय पुढे. टाकू का ट्रकमध्ये?”

एमिल शार्लरॉयच्या चौकाबद्दल बोलत होता, त्याने ऐकलं नाही. इर्माने गसकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

“पण इर्मा, रात्री पाऊस आहे.”

“मग?” इर्मा म्हणाली. “हुडाकची खुर्ची आहे, गस. तू हात लावणार आहेस?”

गसने तिच्याकडे बघितलं, मग एमिलकडे, आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

इर्माने एप्रन सोडला, नवऱ्याच्या दंडाला हात घातला आणि पुढच्या दाराकडे न जाता त्याला नदीकाठच्या वाटेकडे वळवलं.

“इकडून कुठे?” एमिल म्हणाला. “लांब पडतं.”

“पडू दे,” ती म्हणाली. “बोल तू. चौकाचं काय म्हणत होतास?”