जाळलेलं पत्र

सेहेचाळीसच्या पानगळीत ते पत्र आलं आणि क्लावाच्या पायाला भिंगरी लागली.

व्होल्गाकाठी माझी आणि क्लावाची खोली समोरासमोर, स्वयंपाकघर एकच. क्लावा कापडगिरणीत कामाला. नवरा लढाईत मारला गेला. घरात सासूबाई अनफिसा आणि सात वर्षांची तोस्या. बेचाळीस साली लेनिनग्राडहून निर्वासितांची गाडी आली, त्यातून क्लावाने आईपासून तुटलेली ही तीन वर्षांची पोर उचलून आणली होती. तोस्या तिलाच आई म्हणायची.

पत्र तोस्याच्या खऱ्या आईचं होतं. सगळ्यांनी मेलेली धरलेली रिम्मा जिवंत होती आणि निर्वासितांच्या यादीतून तिने पत्ता काढला होता. क्लावाने ते माझ्यादेखत चुलीत घातलं.

"अगं, काय केलंस हे?"

"तू काही पाहिलं नाहीस," ती म्हणाली.

त्यानंतर दारावर थाप पडली की तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं. बटाटे करपायचे. सासूबाई करवादायच्या, "बस की गं एका जागी! मुंग्या चावतायत का तुला?"

एका रविवारी क्लावाने गाठोडं बांधलं, तोस्याचा हात धरला आणि पलीकडच्या गावी बहिणीकडे निघाली. पण नदी गोठू लागली होती, नावा बंद. दुपारी दोघी परत आल्या, तर स्वयंपाकघरात रिम्मा बसलेली. सकाळच्या आगगाडीने आली होती. अंगात फौजी कोट, तोंडात पुढचे दात नाहीत.

तोस्या क्लावामागे लपली. रिम्मा जागची हलली नाही.

"तुमचं पत्र मी जाळलं," क्लावा म्हणाली.

"वाटलंच होतं. उत्तर आलं नाही तेव्हाच म्हटलं, पोरगी कुणाला तरी हवी आहे."

सासूबाईंनी रेशनच्या पावाचे चार तुकडे केले. "आधी खा. रडायचं नंतर."

रिम्माचं घर बॉम्बने पडलं होतं. हिवाळाभर ती इथेच राहिली, पेटीवर झोपली. तोस्याची वेणी कोणी घालायची यावरून दोघी कडाकडा भांडायच्या. मग रिम्मा माझ्या स्वयंपाकाला हातभार लावायला यायची, आणि पोरगी रिम्मापाशी राहावी म्हणून क्लावा गिरणीतून मुद्दाम उशिरा घरी यायची. पोरगी हळूहळू रिम्माजवळ जाऊ लागली.

मे महिन्यात लेनिनग्राडच्या एका वसतिगृहात खोली मिळाली आणि रिम्मा तोस्याला घेऊन गेली. त्यांना गाडीत बसवून आल्यावर क्लावा आठवडाभर बोळात येरझाऱ्या घालत होती.

"क्लावे," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "लेनिनग्राडला गिरण्या नाहीत का?"

गिरणीतल्या साहेबांच्या हातापाया पडून क्लावाने कामातून सुटका करून घेतली. जूनमध्ये सासूसुना दोघी लेनिनग्राडला गेल्या. म्हातारीने उशी पाठीला बांधली होती.