कडधान्य भिजवायचं पातेलं

मी पातेलं बोलतंय. स्टीलचं, दीड लिटरचं, काठाला पोचा आलेलं. मला गरम आणि गार एवढंच कळतं, म्हणून सांगेन तेही कोरडंच.

माझे मालक शिंपी. पुढच्या खोलीत शिलाईमशीन, मागे स्वयंपाकघर. आठ वर्षं माझ्यात दूध तापलं. मग मालकांच्या रक्तातली चरबी वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, लोणी-तळण बंद केलं आणि रोज वाटीभर कडधान्य खायला सांगितलं. तेव्हापासून मालकीणबाई सकाळी माझ्यात राजमा, चवळी नाहीतर हरभरे भिजत घालायच्या आणि संध्याकाळी शिजवायच्या.

"रोज हरभरे? मी काय घोडा आहे?" मालक तोंड वाकडं करायचे.

"घोडा बरा. गपचूप खातो."

घरात लेकीसाठी तळलेले बटाटे व्हायचे, गिऱ्हाइकं केक आणायची. बाई त्यातलं काही मालकांच्या ताटात पडू द्यायच्या नाहीत. उरलेलं सगळं स्वतः ओट्याशी उभ्यानं संपवायच्या. अन्न टाकवत नाही, म्हणायच्या. कडधान्याला मात्र त्या कधी शिवल्या नाहीत. ते मालकांचं औषध होतं.

मालकांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं जायचं. तुझंही तपासून घेऊ या का, असं बाईंना लेकीनं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?"

एका मंगळवारी माझ्यात मसूर शिजत होता. बाई ओट्याला धरून खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मसूर करपून गेला. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "यांचं रक्त कधी तपासलं होतं?" लेकीनं रिपोर्टांची पिशवी उपसली, त्यातले सगळे कागद मालकांचे निघाले.

माझा तळ अजून काळा आहे. आता मालकच मला घासतात. सकाळी चवळी भिजवतात, संध्याकाळी खातात. चव विचारली तर सांगता येत नाही त्यांना.

परवा लेक त्यांचा रिपोर्ट घेऊन आली. "बाबा, सगळं आटोक्यात आलंय."

"बरं," म्हणाले आणि जेवायला बसले.

हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी अर्धी चवळी लेकीच्या ताटात ओतली.

"अहो बाबा, तुमचं औषध आहे ते. तुम्हाला कमी पडेल."

"पडू दे. आणि उद्या तुझं रक्त तपासायला जायचंय."

ती मान खाली घालून जेवली. मी ओट्यावर रिकामं होतं. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरी कोणी ओट्याशी उभ्यानं जेवत असेल. त्या माणसाला खाली बसवा आणि आधी वाढा.