दोन घरांत राहिलेली काठी

बोलते आहे ती मी, मासे धरायची एक जुनी काठी. बांबूची नाही, काचेच्या धाग्यांची; दुकानदार मला फायबरग्लास म्हणतात. रंगानं मधासारखी. उजेडासमोर धरलंत तर माझी आतली वीण दिसते, पातळ कापडाआडून दिवा दिसावा तशी. माझ्या दोरीला गांडूळ लावत नाहीत. पिसं बांधून केलेली खोटी माशी लावतात आणि ती पाण्यावर अलगद उतरवतात. त्यासाठी मला खूप वाकावं लागतं. माझ्यानंतर आलेल्या काळ्या काठ्या ताठ आणि घाईच्या. मी सावकाश. मला मागे नेलं की मी क्षणभर तिथेच रेंगाळते, आणि मग पुढे येते. त्या रेंगाळण्यात मला स्वप्नं पडतात.

माझा जन्म भट्टीतला. काचेच्या धाग्यांचं कापड कापलं, चिकट रसात भिजवलं, निमुळत्या पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळलं आणि भाजलं. गार झाल्यावर सळई ओढून काढली. मागे जे उरलं ती मी. म्हणून मी आतून पोकळ आहे. अशा दोन नळ्या केल्या, एक जाड, एक बारीक. बारीक नळीचं तोंड जाड नळीच्या टोकावर टोपणासारखं बसतं. दोन्ही मिळून मी.

दोरी ओवायच्या कड्या माझ्या अंगावर बांधल्या त्या एका बाईनं. कारखान्यात तिला सगळे दोरेवाली म्हणत. खिडकीशी बसून ती मला मांडीवर फिरवायची आणि कडीच्या पायांवर तपकिरी रेशमी दोरा गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. त्या आठवड्यात तपकिरी दोरा कमी पडला. तेव्हा तिनं प्रत्येक बांधणीचे शेवटचे दोन वेढे हिरवे घेतले आणि कोणाला काही न सांगता वरून व्हार्निश लावून टाकलं. मग एका वयस्क कारकुनानं माझ्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव आणि माझा नंबर लिहिला.

ते अक्षर पुढे पुसलं गेलं, माझ्या पहिल्या मालकाच्या अंगठ्याखाली. हा मालक जमीन मोजणारा होता. आठवडाभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायचा, त्यांची भांडणं ऐकायचा, आणि रविवारी सकाळी मला घेऊन नदीवर यायचा. तिथे हद्द नव्हती, म्हणून असेल, पण पाण्यात गुडघाभर उभा राहिला की त्याचे खांदे खाली यायचे. मासा लागला तर ओल्या हातांनी उचलायचा, माझ्या मुठीला लावून त्याची लांबी मोजायचा आणि सोडून द्यायचा. त्याची दोन मुलं काठावर बसलेली असत. मोठा दादा, आणि धाकटी, जिला मालक चिमणी म्हणायचा.

"बाबा, सोडायचाच असतो तर धरता कशाला?" चिमणीनं एकदा विचारलं.

"भेटायला," तो म्हणाला.

ती वर्षं माझ्यात पाण्याच्या आवाजासारखी साठली आहेत. एकेक दिवस वेगळा काढून दाखवा म्हणाल तर जमणार नाही.

मग मालकाला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि शब्द विस्कटले. 'पाणी' म्हणायला जायचा आणि तोंडातून 'खिडकी' यायचं. बायको आधीच वारलेली. दादा दूरच्या गावी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. चिमणीनं शिवणाचं मशीन बाबांच्या खोलीत आणलं आणि तीन वर्षं त्यांचं सगळं केलं. मी कपाटावर पडून मशीनचा आवाज ऐकत असे. एका दुपारी तो आवाज बंद झाला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.

घर भाड्याचं होतं, बाबा गेल्यावर ते रिकामं करायचं होतं. दादा आला, पण बहिणीशी बोलला नाही. हमालानं विचारलं की दोघं वेगवेगळ्या दिशांना बघून उत्तर द्यायची. सामानाचे दोन ढीग झाले. माझी पिशवी केव्हाच फाटली होती. मुठीचा भाग शिवणाच्या मशीनबरोबर गेला, वरचा बारीक भाग गाद्यांच्या गुंडाळीत अडकून दादाच्या टेम्पोत. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढची अकरा वर्षं मी दोन घरांत राहिले.

चिमणीच्या शिवणाच्या दुकानात माझ्या टोकाला फडकं बांधलं गेलं आणि मी छतावरची जळमटं काढू लागले. कोळ्यांचा मला राग नाही, त्यांचंही काम दोऱ्याचंच. पण एकेकदा दुपारी, दुकान सुस्तावलेलं असताना, मला दुसऱ्या घरातलं काहीतरी जाणवायचं. ऊन. कुंडीतली ओली माती. आणि ओढ, फार हळू, दिवसेंदिवस वाढत जाणारी. मला वाटायचं, मासा लागलाय, पण हा कसला मासा, जो झटका देत नाही?

तो टोमॅटो होता. दादाच्या बाल्कनीत, चौथ्या मजल्यावर, माझा वरचा भाग टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवला होता. फळ भरत आलं की मी वाकायची. सवयच ती.

असं चाललं असताना चिमणीच्या दुकानात एक निवृत्त दातांचे डॉक्टर आले. त्यांना लांब, अरुंद पिशव्या शिवून हव्या होत्या. बारा.

"बासरीसाठी का?" तिनं माप लिहिताना विचारलं.

"काठ्यांसाठी. जुन्या, मासे धरायच्या. मी जमवतो. बायको म्हणते, लोक म्हातारपणी काठी घेतात, पण एक घेतात."

ती हसली. डॉक्टर मात्र हसायचे थांबले. त्यांची नजर कोपऱ्यात माझ्यावर गेली होती.

त्यांनी विचारून मला हातात घेतलं, फडकं सोडलं. खिशातून दात बघायचा छोटा आरसा आणि टॉर्च काढला आणि माझ्या नळीचं तोंड तपासलं. आ करायचंच काय ते बाकी होतं. मग उजेडाकडे धरून माझी वीण पाहिली. माझी मूठ बुचाच्या मऊ लाकडाची, ती दाबून बघितली. जोडाला धातूची नळी नाही, काचेवर काच बसते, याची खात्री केली. मुठीच्या वर तोंडाची वाफ सोडली आणि मला तिरकं धरलं. वाफ ओसरताना पुसलेल्या नंबरातला सातचा आकडा क्षणभर दिसला. शेवटी नखानं त्यांनी दोरा चाचपला.

"दोन हिरवे वेढे," ते हळूच म्हणाले. "अशी एक तुकडी निघाली होती, असं मी फक्त ऐकलं होतं. खास गिऱ्हाइकांसाठी ती खूण असणार. तीस वर्षं शोधतोय मी."

दोरा कमी पडला होता हो, मला सांगावंसं वाटलं. पण माणसाला तीस वर्षांनी काही सापडलं असताना मध्ये बोलू नये.

"हिचा वरचा भाग कुठे आहे?"

चिमणी मशीनवरचं कापड सरळ करत राहिली. "दादाकडे गेला असेल."

"मग विचारा ना त्यांना."

"आम्ही बोलत नाही."

डॉक्टरांनी आरसा रुमालानं पुसायला घेतला. ज्यांना तोंड उघडं असून बोलता येत नाही अशांसमोर उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. थोड्या वेळानं तिनंच एका कागदावर पत्ता लिहिला. "जायचं तर जा. पण मी पाठवलं असं सांगू नका."

दादाच्या दारात डॉक्टरांनी येण्याचं कारण सांगितलं. दादाच्या कपाळावर आठी आली. "तिनं पाठवलं?"

"नाही. मी पाठवलं असं सांगू नका म्हणाल्या त्या."

दादाला हसू आलं, आणि ते आल्याचा त्याला रागही आला. त्यानं बाल्कनीत नेऊन मला दाखवलं. मी मातीत उभी, अंगावर सहा हिरवे टोमॅटो. उन्हानं माझा रंग उडाला होता, एक कडी गंजली होती. डॉक्टरांचा जीव खालीवर झाला असणार, पण ते एवढंच म्हणाले, "सावकाश काढा."

"टोमॅटो उतरले की देतो," दादा म्हणाला.

त्याला तीन आठवडे लागले. आणि तो स्वतःच आला, बहिणीच्या दुकानात, एका हातात मी, दुसऱ्या हातात टोमॅटोची पिशवी. डॉक्टर पिशव्या न्यायला आलेलेच होते.

कोणी कोणाला या-बसा म्हटलं नाही. डॉक्टरांनी काडीला कापूस लावून माझ्या जोडातली माती काढली आणि दोन्ही भाग एकमेकांत बसवले. अकरा वर्षांनी मी माझ्या टोकापर्यंत पोचले. ते कसं वाटलं हे मला सांगता येणार नाही. झोपेत बधिर झालेला हात परत आपला होतो, तसं काहीसं.

"बाबा सव्वातीनला गेले ना?" दादानं एकदम विचारलं. "मला फोन पाचला आला."

चिमणीनं मशीनवरचा पाय काढला.

"सकाळपासूनच श्वास बिघडला होता," ती म्हणाली. "तुला तेव्हाच फोन करायचा होता. हातात घेतला होता मी. मग वाटलं, सात महिने आला नाही, आज कशाला बोलवू. रागानं ठेवून दिला. म्हटलं, संध्याकाळी करू." ती थांबली. "ते जातील असं वाटलं नव्हतं रे."

डॉक्टर माझा जोड पुन्हा पुन्हा तपासत होते, त्यात काहीही बिघडलेलं नसताना.

"मी निघालो होतो," दादा म्हणाला. "दोनदा. एकदा स्टँडवरून परत फिरलो. त्यांनी मला ओळखलं नाही तर काय करायचं, असं वाटलं."

"ओळखत होते. तुला हाक मारायचे, पण तोंडातून 'मोजणी' यायचं. मला आधी कळायचंच नाही. मग भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट करायचे."

दादा स्टुलावर बसला. चिमणी आत गेली, पाणी घेऊन आली. तो ते सगळं प्यायला आणि पेला तसाच हातात धरून बसला.

डॉक्टर निघाले तेव्हा दोघांनी मला त्यांना देऊन टाकलं. तुम्हालाच हिची किंमत कळते, म्हणाले. डॉक्टरांनी मला घरी नेलं, गंजलेली कडी बदलली, हिरवे वेढे तेवढे जपून ठेवले. त्यांच्या खोलीत भिंतभर काठ्या होत्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. माझ्यासाठी मधली जागा होती. डॉक्टर रोज सकाळी चहा घेऊन माझ्यासमोर बसत. मला तिथे त्रास काहीच नव्हता. धूळ नाही, ऊन नाही. स्वप्नंही नव्हती.

दहाव्या दिवशी त्यांनी माझी लांबी, वजन, दोऱ्याचा रंग, सगळं वहीत उतरवलं. नवी पिशवी चढवली आणि मला परत दुकानात आणलं.

"का हो?" चिमणीनं विचारलं. "खोटी निघाली?"

"अगदी खरी आहे," ते म्हणाले. "पण माझ्याकडे एक्केचाळीस आहेत, आणि एकही ओली नाही. तुमच्या दादांना कळवा, रविवारी सुट्टी काढा म्हणावं. जोडाला मेण लावा. दोन भाग सोडवताना पिळू नका, सरळ ओढा." मग माझ्यावरून एकदा हात फिरवून ते वळले आणि पटपट चालायला लागले, मागे न बघता.

आता मी जुनी झाले आहे. जोड झिजत चालला आहे, एका कडीजवळ बारीक तडा दिसतो. किती रविवार उरलेत, ते मी मोजत नाही. माझं मागणं फार नाही. घरातल्या कोपऱ्यात कुठे हलकी, बुचाच्या मुठीची एखादी काठी दिसली, तर टाकण्याआधी एकदा उजेडाकडे धरून बघा.

बाकी पुन्हा कधीतरी बोलू, नाहीतर राहू द्या. कारण आज रविवार आहे आणि आम्ही पोचलो आहोत. पाण्यावरून धुकं सरकतंय. दादा गुडघाभर पाण्यात उभा आहे, त्याला अजून माशी नीट टाकता येत नाही, दोरी सारखी त्याच्या टोपीत अडकते. चिमणी पदर खोचून मागून येते आहे.

"मनगट सैल सोड रे. बाबा असं नव्हते धरत."

"मग कसं?"

"दे इकडे."

तिचा हात मुठीवर येतो. ती मला मागे नेते. मी रेंगाळते.